रुमालाखालचा राग

दाजींनी पाहुण्याच्या हातातली पोह्यांची बशी काढून घेतली, तेव्हा पाहुण्याच्या तोंडात घास होता. बिचाऱ्याला तो धड गिळताही येईना आणि टाकताही येईना. दाजी बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, ती माझ्या बहिणीच्या, आक्काच्या, हातात दिली आणि तिथूनच गरजले, "उटा! माझ्या पोरीम्होरं जांभया देताय व्हय? झोप आली आसंल तर आपापल्या घरला जाऊन झोपा!"

जांभई नवऱ्या मुलाने दिली होती, आणि तीही एकच. पहाटेची एसटी धरून आला होता तो. पण हे दाजींना सांगायचं कुणी? पाहुणे उठले, चपला शोधल्या आणि निघाले. त्यातल्या एका म्हाताऱ्याने फाटकातून मागे वळून बशीकडे पाहिलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण आक्काचे पोहे खरोखरच चांगले असतात.

माझ्या भाचीला बघायला पाहुणे येण्याची ही दुसरी खेप. पहिल्या खेपेला मुलाची आई एवढंच म्हणाली होती, की पोरीचा आवाज जरा खडा आहे. दाजींनी तिला कानात घालायला कापूस आणून दिला होता. सरकीसकट.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हणमंतराव ढोबळे. आमच्या भागातल्या बैलबाजारात त्यांच्याएवढा नावाजलेला दलाल नव्हता. मी त्यांचा मेहुणा, आणि बाजारात त्यांच्या हाताखाली बैलांचे दात बघणारा. दाजींची थट्टा करायचा हक्क मेहुण्याला जन्मानेच मिळतो, आणि मी तो कधी वाया जाऊ दिलेला नाही. तेव्हा आधीच सांगतो, की दाजींना राग आधी यायचा आणि कारण मागाहून सापडायचं. भाकरी करपली की राग, भाकरी वेळेवर झाली तरी "येवडी घाई कशाची?" म्हणून राग. एकदा विहिरीवरची मोटर बंद पडली, तर ती दुरुस्त होऊन आल्यावरही ते आठवडाभर तिच्याशी बोलत नव्हते. बटण आक्का दाबायची.

आणि हाच माणूस बाजारात गेला की लोणी! लोकांनी तोंडावर चोर म्हणावं, बैल खोडीचा निघाला म्हणून गचांडी धरायला यावं, दाजी आपले हसतायत. आमच्या बाजारात बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल समोरासमोर उभे राहतात, दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची. जेवढी बोटं धरली तेवढा भाव. पटला नाही तर समोरचा कमी बोटं धरतो. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कुणाला काही कळत नाही, कारण तोंडं दोघांची कोरी. आणि रुमालाखाली जे झालं ते रुमालाखालीच राहतं. ज्या दलालाने ते बाहेर सांगितलं, त्याच्या रुमालाखाली पुन्हा कुणी हात घालत नाही.

तर त्या जांभईच्या दिवशी, पाहुणे गेल्यावर माझी भाची वैजयंता पायरीवर बसून त्याच बशीतले पोहे खात होती. वैजूचा आवाज खडा होता हे खरं आहे, पण त्या दिवशी ती अगदी हळू बोलली.

"मामा, ह्यो गेला त्याचं मला काय न्हाई. पन पुडचं ठिकान येनार हाय ते मी बघितलंय."

"कोन गं?"

"दिगंबर."

मग मला बऱ्याच गोष्टी उलगडल्या. दिगंबर जनावरांच्या दवाखान्यात कामाला होता आणि लसी टोचायला बाजारात यायचा. वैजू आमचा दुपारचा डबा घेऊन बाजारात यायची, आणि लसीच्या दिवशी डबा जरा लवकरच यायचा. मला वाटायचं, पोरीला आमच्या भुकेची काळजी.

"आबांनी त्यो बी वरडून घालवला," वैजू बशी खाली ठेवत म्हणाली, "तर मी पुन्हा कुनाम्होरं बसनार न्हाई. आयुष्यात न्हाई. त्यास्नी सांगून ठेव."

तिचे डोळे कोरडे होते. रडली असती तर मी समजूत काढली असती. पोरगी बापावर गेली होती, एकदा म्हणाली की म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला आक्काने विषय काढला. दाजी आमटी भुरकत होते.

"अवं, बाजारात कुनी चोर म्हनलं तरी हसता. घरात च्या गार झाला तर आभाळ फाटतं. आसं का वं?"

मी ताट जरा मागे सरकवलं. पण दाजी खरंच विचारात पडले.

"बाजारात हात रुमालाखाली आसतो," ते म्हणाले. "म्होरच्यानं किती बोटं धरली ते बघायचं, आपन किती धरायची ते ठरवायचं. त्यात राग कुटं बसवू?"

"मग बैठकीत बी हात रुमालाखाली ठेवा," चुलीपाशी भाकरी थापणारी वैजू म्हणाली.

"आन् भाव कशाचा करू?"

"रागाचा! राग आला की मामाची बोटं धरा. किती आला ते सांगा त्याला."

"मी काय बैल हाय व्हय?" दाजी कडाडले.

"आत्ता किती आला?" वैजूने विचारलं.

मी घाबरत घाबरत खांद्यावरचा रुमाल दाजींच्या आणि माझ्या हातांवर टाकला. दाजींनी माझी चार बोटं करकचून धरली. मग काय झालं कुणास ठाऊक, पकड जरा सैल झाली. दाजींनी डोळे मिटले. बैलाच्या पाठीवरून हात फिरवून खोड शोधताना ते असेच डोळे मिटायचे.

"थांब. बघू दे," ते पुटपुटले. "चार... न्हाई, तीन हाय. आरं, ह्यो कमी व्हाय लागला की!" आणि डोळे उघडून, कुणीतरी फसवल्यासारखे माझ्याकडे बघत म्हणाले, "मोजाय घेतला की वजनात घटतोय माल!"

तिथून दाजींना नादच लागला. एक बोट म्हणजे नुसती खाज आणि पाच म्हणजे बशी, असं आमचं ठरलं. आक्का सरावासाठी मुद्दाम आमटीत मीठ विसरायची. दाजी पहिला भुरका मारायचे, माझ्याकडे हात करायचे आणि डोळे मिटून आत बघत बसायचे. सकाळी मी दाढी करत असलो तर दारात उभे. "संपत, हात दे. कावळा वरडतोय. दोन." मीही मग मेहुणाच! नुसतं ऐकून घेणं जमेना. त्यांनी चार धरली की मी दोन धरायचो. ते तीन म्हणायचे, मी पुन्हा दोन. भाव पाडायची खोड आमच्या हाडात मुरलेली. शेवटी दाजी फिस्सकन हसायचे आणि अडीचवर सौदा पटायचा.

फक्त एके दुपारी गंमत झाली. वैजू बाहेरच्या सोप्यात शिलाई मशीनवर बसून स्वतःसाठी ब्लाउज शिवत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. दाजी दारात आले, थबकले, आणि तसेच माझ्या शेजारी येऊन बसले. रुमाल टाकला. माझा हात धरला, पण बोटं काही मोजली नाहीत.

"किती?" मी विचारलं.

बराच वेळ त्यांनी डोळे मिटून ठेवले. मग हात सोडून दिला.

"ह्येचं काय कळंना," म्हणाले आणि गोठ्यात निघून गेले.

मला वाटलं, मशीनच्या खडखडाटाने डोकं उठलं असेल. मी तेल घालून दिलं मशीनला.

बैठकीचा दिवस उजाडला. सोप्यात जाजम अंथरलं. दिगंबरबरोबर त्याचे वडील अण्णा, चुलते तात्या आणि चार-दोन भावकीतले लोक आले. अण्णा शांत माणूस. आधीच निरोप धाडला होता त्यांनी, की देणंघेणं काही नको, नारळ आणि मुलगी द्या. आपल्या वाट्याचं बोलणंही अण्णांनी तात्यांसाठी शिल्लक ठेवलं होतं, आणि तात्या ते सढळ हाताने वापरत होते. मी दाजींच्या डाव्या अंगाला बसलो. आमच्या दोघांच्या हातांवर रुमाल. दाजींच्या तोंडावर बाजारातलं हसू.

"रस्ता म्हनायचा का वढा ह्यो?" तात्यांनी सुरुवात केली. "आमची जीप निम्मी हितंच झिजली."

रुमालाखाली एक बोट. मी निवांत होतो.

"च्या बी तुमच्याकडं आसाच पातळ करत्यात व्हय?"

दोन. मी एक धरलं. दाजींनी थोडी घासाघीस करून सोडून दिलं. खरं सांगायचं तर आम्हा दोघांनाही मजा यायला लागली होती. वैजू पोह्यांचा ट्रे घेऊन आली, तात्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि ती बशा देऊन रिकामा ट्रे घेऊन दाराशी जाऊन उभी राहीपर्यंत थांबून म्हणाले,

"आन्ना, नीट इच्यार करा बरं का. दलालाचं घर हाय. दलाल म्हंजे दोनी कडनं खानारी जात."

माझ्या हाताची हाडं वाजली. पाच! पाचच्या पाच बोटं दाजींनी अशी आवळली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्वयंपाकघरातला आक्काच्या बांगड्यांचा आवाज थांबला. मी कसाबसा हात वळवून दोन धरली. दाजींनी चार धरली. मी पुन्हा दोन. दाजींचा श्वास मला ऐकू येत होता. तीन. मग पकड सुटली.

"तात्या म्हनत्यात ते खरं हाय," दाजी हसून म्हणाले. "दोनी कडनं खातो आमी. शिव्या!"

सगळा सोपा हसला. खाली मान घालून बसलेला दिगंबरही हसला, आणि दाराशी वैजूने ट्रेआड तोंड लपवलं. जिंकलो, असं मला वाटलं, आणि मी विजयाने आणखी एक बोट कमी करायला गेलो. तिथंच घात झाला. रुमाल हलला, आणि तात्यांची नजर त्यावर पडली.

तात्यांनीही उभा जन्म बाजारात बैल घेण्यात घालवला होता.

"थांबा!" ते ताठ बसले. "मगाधरनं बघतोय, ह्यो रुमाल का हलतोय? आन्ना, आवो मामा आन् बाप सौदा कराय लागल्यात! आपल्या पोराचा भाव पाडाय लागल्यात रुमालाखाली!"

अण्णांनी हातातला कप खाली ठेवला.

"हनमंतराव," ते हळूच म्हणाले, "खरं हाय ह्ये? आमी नारळ आन् पोरगी म्हनलं हुतं. आमचं पोरगं आमी बाजारात आनलेलं न्हाई."

दाजी गप्प. मीही गप्प. काय बोलणार? रुमालाखालचं बाहेर सांगायचं नाही, यावर दाजींचं सगळं नाव उभं होतं. तात्या ओरडले, "बोला की! काय ठरलं रुमालाखाली?" आमच्या गप्प बसण्याने तर त्यांची खात्रीच पटली. अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले. बाप उठतोय म्हटल्यावर दिगंबरलाही उठावं लागलं. त्याने एकदा दाराकडे पाहिलं.

मी पाच बोटांची वाट बघत होतो. बशी उडणार, जाजम उडणार, तात्या फाटकाबाहेर जाणार आणि भाचीचं लग्न त्यांच्या मागोमाग जाणार. पण दाजींनी एकही बोट मोजलं नाही. त्यांनी नुसता माझा हात धरून ठेवला. तो कापत होता. त्यांचे डोळे मिटलेले होते. मग ते उघडले आणि त्यांनी वैजूकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

आणि दाजींनी आपल्या हाताने रुमाल ओढून बाजूला टाकला.

खाली आमचे दोन हात एकमेकांत तसेच, जत्रेत हरवू नये म्हणून धरलेल्या पोरांसारखे.

"सौदा न्हवं, आन्ना," दाजी म्हणाले. "राग मोजत हुतो."

"काय?" तात्या.

"राग. माजा. मला लई राग येतो, गावात कुनालाबी इच्यारा. म्हनून पोरीनंच ही तोड काडली. किती आला ते ह्या मेव्हन्याला बोटानं सांगायचं. तात्या, तुमी दलालाचं बोलला तवा पाच झालं हुतं. ह्येनं तीनावर आनलं."

कुणीतरी फुसकन हसलं. तात्यांना हसावं की चिडावं ते कळेना. दाजी मात्र हसत नव्हते.

"आत्ता तुमी उटाय लागला, तवा मी पुन्हा मोजाय गेलो. तर येक बी न्हाई. आत राग न्हाईच. मग हात का कापतोय, म्हनून नीट बघितलं. आन्ना, ह्याच्या आदी दोन ठिकानं आली. येकाची आय बोलली म्हनून घालवली, येकानं जांभई दिली म्हनून घालवली. मला वाटलं, राग आला. राग न्हवताच त्यो. पोरगी जानार, ह्येचं भ्या हुतं. ती त्या दाराशी हुबी ऱ्हायली की माज्या पोटात खड्डा पडतो. त्ये मला बगता यीना, म्हनून मी वरडत हुतो."

मग वैजूकडे वळून म्हणाले, "वैजे, मशीनवर ब्लाउज शिवत हुतीस तवाच मला कळाय पायजे हुतं. मामानं नुसतं तेल घातलं मशीनला."

वैजू तिथंच दाराशी खाली बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मला आठवतंय, मी तिला असं रडताना त्याआधी लहानपणीच पाहिलं होतं. आक्का आतून बाहेर आली, पाहुण्यांसमोर यायचं नसतं हेही विसरली, आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

अण्णा अर्धवट उठले होते ते पुन्हा बसले. त्यांनी जाजमावरचा रुमाल उचलला, झटकला, आणि सरकत दाजींच्या समोर आले.

"मला बी दोन लेकी हाईत," ते म्हणाले. "दोन्ही दिल्या. आना हात."

त्यांनी स्वतःच्या आणि दाजींच्या हातांवर रुमाल टाकला. भोवती आम्ही सगळे. तात्या तर मान उंच करून बघत होते. पण दोघांचीही तोंडं कोरी. रुमाल अगदी थोडा हलला, थांबला, पुन्हा हलला. मग अण्णांनी हात काढून घेतला आणि भावकीकडे वळून म्हणाले, "फोडा सुपारी."

अण्णांनी किती बोटं धरली होती, हे मी दाजींना आजवर नाही नाही त्या युक्त्यांनी विचारलंय. एकदा तर त्यांना ताप भरला असताना विचारलं. "माजं मी सांगितलं," म्हणतात. "त्यांचं रुमालाखाली हाय." आणि गंमत अशी, की त्या बैठकीची गोष्ट तालुकाभर झाली, दाजींनी स्वतःचा रुमाल उघडला हे सगळ्यांना कळलं, तरी पुढच्या बाजारापासून त्यांच्याकडे गिऱ्हाईक वाढलं. लोक म्हणायचे, ह्या माणसाने स्वतःचा भाव उघडा केला, पण अण्णांचा नाही.

त्या दिवशी पोह्यांची दुसरी बशी दाजींनी स्वतः आतून आणली आणि तात्यांच्या हातात दिली. तात्यांनी ती डाव्या हाताने घट्ट धरून ठेवूनच पोहे खाल्ले.

लग्न उन्हाळ्यात झालं. मामा म्हणून मी वैजूच्या मागे उभा होतो. अक्षता पडल्या, जेवणं झाली, पाठवणीची वेळ आली. फाटकात जीप उभी राहिली, निम्मी झिजलेली तीच. आक्का रडत होती, बायका रडत होत्या, आणि दाजी तात्यांशी रस्त्याच्या खड्ड्यांवर विनोद करत होते. तोंडावर बाजारातलं हसू. वैजूने पाया पडून त्यांना मिठी मारली, तेव्हाही ते "आगं, जीप निगंल, पळ," म्हणून हसलेच. मला मनातून जरा रागच आला त्यांचा. एखादं बोटभर.

वैजू जीपमध्ये बसली. तेवढ्यात माझ्या हातावर काहीतरी पडलं. बघतो तर रुमाल. दाजी माझ्या शेजारी येऊन उभे होते, जीपकडे बघत, तोंड कोरं. रुमालाखाली त्यांचा हात आला आणि माझी पाचही बोटं त्यांनी धरली.

सवयीने मी चार धरली.

दाजींनी पुन्हा पाच धरली. जीप सुरू झाली. मागच्या काचेतून वैजूचा हात हलत होता.

बाजारात इतकी वर्षं काढली, पण समोरच्याने सांगितलेला पहिला भाव मी कधी मान्य केला नव्हता. त्या दिवशी केला. जीप वळणाआड जाईपर्यंत मी त्यातलं एक बोटही कमी केलं नाही.